साडेचारला दिसणारी मुलगी

एव्हरिल बूथरॉइडला आमच्या पड्सी गावात दोन प्रकारचे लोक ओळखत. काहींना तिनं गणित शिकवलं होतं, आणि उरलेल्यांना ती रोज दुपारी साडेचारला टीव्हीवर दिसायची. आम्हा शेजाऱ्यांना मात्र ती डोक्याला रुमाल बांधून, गुडघे टेकून, दाराची दगडी पायरी घासताना दिसायची. आमच्या घरांच्या रांगेत पायरी घासणारी ती शेवटचीच असावी.

मी तिच्याच शाळेत भूगोल शिकवत होते. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, आणि पुढे घरंही तीन दारांच्या अंतरावर आली. लीड्सच्या स्टुडिओत टीव्हीसाठी अक्षरांचा आणि आकड्यांचा तो खेळ सुरू व्हायचा होता, तेव्हा फळ्यावर झटपट गणित करून दाखवणारी एक बाई त्यांना हवी होती. "जा गं, गंमत म्हणून जाऊन ये," असं मीच तिला म्हटलं. ती गेली आणि तिला घेतलं.

खेळ साधा होता. दोन खेळाडू, नऊ अक्षरं, त्यातून लांबात लांब शब्द करायचा. मग सहा आकडे, आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार करत ठरलेली संख्या गाठायची. घड्याळाचा काटा अर्धं वर्तुळ फिरला की वेळ संपली. अक्षरं लावायला एक तरुण मुलगी होती, खेळ चालवायला भडक टायवाला एक गृहस्थ होता, आणि आकडे एव्हरिलचे. खेळाडूंना जमलं नाही की ती फळ्यापाशी जाऊन उत्तर लिहायची. ते लिहिताना ती खेळाडूकडे वळून म्हणायची, "तुम्ही अगदी जवळ आला होतात." कधी कधी बिचारा मैलभर लांब असायचा. पण एव्हरिलनं म्हटल्यावर त्यालाही ते पटायचं.

टीव्हीवरचा आठवडा स्टुडिओत एका दिवसात उरकत. सोमवार ते शुक्रवार, पाचही भाग ओळीनं, मधे फक्त कपडे बदलायला वेळ. टायवाले गृहस्थ "काल आपण पाहिलं" असं म्हणत, तेव्हा ते काल म्हणजे जेवणाआधीचं असे. एव्हरिल पाच कोट एका लांब पिशवीत घालून बसनं जायची. सोमवारचा निळा, मंगळवारचा हिरवा, असं ठरलेलं. आदल्या संध्याकाळी तिची आई, आयव्ही, ते पाचही कोट इस्त्री करायची.

आयव्हीनं उभं आयुष्य लोकरीच्या मिलमध्ये काढलं होतं. मागावरून आलेल्या कापडातले तुटलेले धागे हातानं भरायचे, रफू कळू द्यायचं नाही, हे तिचं काम. त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"गुरुवारच्याचं बटण सैल आहे," ती म्हणायची. "शिवते, पण गुरुवारी हात फार वर करू नकोस."

"आई, संख्या वर लिहावी लागते."

"मग लहान संख्या घे."

एवढंच. मुलीचं कौतुक तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आमच्याकडच्या त्या पिढीला ते जमतच नव्हतं. भाग पाहून झाला की ती म्हणायची, "उभी बरी राहिलीस," आणि कप विसळायला जायची.

मग आयव्ही विसरू लागली. आधी इस्त्री तापत ठेवून गेली आणि बुधवारचा कोट जळला. मग शेजाऱ्यांची नावं गेली. मग एका सकाळी तिनं आपल्या मुलीकडे बघून विचारलं, "तुम्ही कौन्सिलकडून आलात का?" आमच्याकडे एकट्या म्हाताऱ्यांना कामात हात द्यायला कौन्सिल बायका पाठवते, त्यातली एक, असं तिला वाटलं. एव्हरिल म्हणाली, "आई, मी एव्हरिल." तशी आयव्ही घाबरून भिंतीला टेकली. कोणीतरी परकी बाई आपल्या मुलीचं नाव सांगत घरात शिरलीय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. तेव्हापासून एव्हरिल स्वतःच्याच घरात कौन्सिलची बाई झाली. शाळा तिनं आधीच सोडली होती. स्टुडिओचे मोजके दिवस मी आयव्हीपाशी बसायची, आणि बाकीचे सगळे दिवस एव्हरिल.

पण साडेचार वाजले की आयव्हीला मुलगी ओळखू यायची. टीव्हीवरची.

मी कित्येकदा तिथं होते. गॅसच्या शेगडीजवळ आयव्हीची खुर्ची, शेजारी कोचावर साध्या स्वेटरमध्ये एव्हरिल, आणि समोर पडद्यावर निळ्या कोटातली एव्हरिल.

"गप्प बसायचं हं आता," आयव्ही सांगायची. "माझी मुलगी येईल. ती बघ! दिसली का?"

"दिसली," एव्हरिल म्हणायची.

"केस माझे आहेत. डोकं मात्र बापाचं. तो ट्रामवर कंडक्टर होता, सगळा हिशेब तोंडी."

"भेटायला येते का ती?" एव्हरिलनं एकदा विचारलं. तिनं तसं विचारायला नको होतं, असं मला वाटलं.

"तिला कुठला वेळ? रोज तिथं उभी असते. दिसत नाही का तुला?" मग आयव्ही जरा तिच्याकडे झुकली. "तुला म्हणून सांगते. मी तिला कधी बोलले नाही. म्हटलं, डोक्यात जाईल. पण आमच्या मिलमधल्या सगळ्या बाया ओळीनं उभ्या केल्यास ना, तरी तिच्या नखाची सर यायची नाही कोणाला."

एव्हरिलनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "तिला ठाऊक असेल," ती म्हणाली.

"कुठलं ठाऊक! फार हुशार असतात त्या. त्यांना असलं काही कळत नाही."

अर्ध्यावर जाहिराती लागत. जाहिरात लागली रे लागली की आयव्ही उठायची आणि चहाची किटली ठेवायची. तिला तेव्हा स्वतःच्या अंगातली बटणं लावता येत नव्हती, पण ती किटली बरोबर भरायची, कप बरोबर काढायची. मिलमध्ये भोंगा झाला की हात थांबवून चहा घ्यायचा, ही सवय तिच्या हाडात होती. "तीही घेत असेल आता," पडद्याकडे बोट करून ती म्हणायची. "उभं राहून पाय दुखतात, मला विचारा." चहा पिऊन होईतो खेळ पुन्हा सुरू होई, आणि ती समाधानानं बसायची. त्या एका तासात तिचं सगळं जागच्या जागी असे. एव्हरिलचंही, असं मला नंतर कळलं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एव्हरिल स्टुडिओतून परतली ती घरी न जाता माझ्याच दारात आली. आयव्हीला नुकतंच झोपवून मी भांडी घासायला घरी आले होते. तिच्या एका हातात कोटांची पिशवी, दुसऱ्या हातात फुलांचा मोठा गुच्छ. फुलं तिनं माझ्या स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ठेवली.

"कोणाची गं?"

"माझी. मला काढलं, म्युरिएल."

नवा निर्माता आला होता. अक्षरंही आणि आकडेही आता एकच जण करणार, ताजा चेहरा हवा, असं तो म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता, एव्हरिल म्हणाली. बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

मी चहा पुढे केला. तिनं तो तसाच ठेवला.

"मी काय, शिकवण्या घेईन. पोरांना गणित येत नाही ते काही बंद पडणार नाही. पण आईचं काय?"

मला आधी समजलंच नाही.

"अगं, चित्रीकरण झालेले भाग आहेत ते नाताळच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत पुरतील. मग संपले. मग तिनं कोणाकडे बघायचं? मला तर ती ओळखत नाही."

पुढचे आठवडे विचित्र गेले. नोकरी गेलेली बाई रोज साडेचारला कामावर दिसत होती. बाहेर बोलायचं नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं होतं. खाटकाच्या दुकानात बायका म्हणत, "काल तो लाल कोट काय शोभत होता हो तुम्हाला," आणि ती "थँक्यू" म्हणून सॉसेज घेऊन निघायची. दुपारी आईशेजारी बसून ती स्वतःला बघायची. रविवारी मला म्हणाली, "एक आठवडा आणखी गेला." मी विषय बदलला.

आमच्या रांगेच्या टोकाला डग्लस मर्गट्रॉइड राहायचे. बसखात्यात तपासनीस होते, निवृत्त झाल्यावर वेळापत्रकं संपली आणि व्हिडिओ रेकॉर्डर आला. मी त्यांना सगळं सांगितलं. एव्हरिलनं मला सांगू नको म्हटलं नव्हतं, आणि डग्लसना गुपित कळलं की ते त्यांच्यापाशीच राहतं. ते म्हणाले, "मग त्यात काय? मी टेप करतो. रोजचा भाग. म्हातारीला जन्मभर पुरतील." आणि खरोखर, ऑक्टोबरपासून त्यांनी एकही भाग चुकवला नाही. नाताळच्या आधीच्या शनिवारी ते बुटाच्या खोक्यात टेपा घेऊन आले. प्रत्येकीवर तारीख, आणि खाली कोटाचा रंग.

"घे पोरी," ते एव्हरिलला म्हणाले. "आणि एक सांगू? एकही जाहिरात नाही! जाहिरात लागली की बटण दाबून थांबवायचो, संपली की सोडायचो. हात सेकंदभर चुकला नाही."

त्यांच्या पिढीला जाहिरातीवर टेप वाया घालवणं म्हणजे पाण्याचा नळ उघडा ठेवण्यासारखं होतं. एव्हरिलनं त्यांच्या गालाचा मुका घेतला. पुढचं काही आमच्या ध्यानातच आलं नाही. चहाची आठवण आम्हा तिघांपैकी एकालाही झाली नाही.

सोमवारी टीव्हीवर खेळ नव्हता, सुट्टीचे सिनेमे होते. साडेचारला एव्हरिलनं टेप लावली. आयव्ही सावरून बसली. "निळा घातलाय. म्हणजे आज सोमवार," ती म्हणाली. सगळं ठीक चाललं. अर्ध्यापर्यंत. मग टायवाले गृहस्थ "लगेच परत येतो" म्हणाले, पडदा क्षणभर हलला आणि ते परतही आले.

आयव्हीचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. ती उठायला निघाली होती, ती तशीच थांबली.

"सुट्टी?" ती म्हणाली.

"आज नाही वाटतं," एव्हरिल म्हणाली.

"नाही म्हणजे? सकाळपासून उभी आहे ती! चहा नाही दिला?"

"देतील, मिसेस बूथरॉइड, नंतर देतील," डग्लस म्हणाले. ते आपल्या टेपांचं चीज होताना बघायला आले होते.

"नंतर कधी? भोंगा कुठाय?" आयव्हीचा आवाज चढला. "आमच्याकडे एका फोरमननं असं केलं होतं. आम्ही सगळ्या सुया टाकून बाहेर आलो. फोन लावा त्यांना! माझ्या मुलीला राबवून घेतायत!"

"थांब, मी थांबवते ते," एव्हरिल म्हणाली आणि तिनं घाईघाईनं यंत्राचं बटण दाबलं. आई चहा करेल तोवर चित्र थांबून राहील, एवढाच तिचा विचार.

चित्र थांबलं. पडद्यावरची एव्हरिल हात वर करून, तोंड अर्धं उघडं ठेवून उभी राहिली. चित्र जरा थरथरत होतं.

आयव्ही ओरडली. तशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. "हलत नाहीये ती! काय झालं तिला? अगं, कोणीतरी बघा, ती हलत नाहीये!"

तिला शांत करायला रात्र झाली. डग्लसनी टेपा खोक्यात भरल्या आणि खोकं परत नेलं. दारात मला म्हणाले, "त्या जाहिराती राहू द्यायच्या होत्या, म्युरिएल. मला काय झालं होतं त्या कापायला?" त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "आमच्याही ध्यानात नाही आलं." ते खरंच होतं, पण त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

नाताळ आला, गेला. रोज साडेचारला आयव्ही पडद्यासमोर बसून विचारायची आणि एव्हरिल सांगायची, सुट्टीवर आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयव्हीनं जेवण टाकलं. "तुम्ही माझ्यापासून लपवताय," ती म्हणाली. "ती पडली. मी बघितलं ना तिला."

त्यावर एव्हरिलनं जे केलं ते मला आधी विचारलं असतं तर मी करू दिलं नसतं. वर्षाच्या अखेरच्या दुपारी ती वर गेली, सोमवारचा निळा कोट घातला, केस टीव्हीवर असत तसे बांधले, ओठांना रंग लावला. खाली येऊन टीव्हीशेजारी उभी राहिली. मी पुडिंगचं ताट घेऊन आत आले तर ती तिथं उभी. पडद्यावर उभी राहायची तशीच, पाठ ताठ, हात पुढे जुळवलेले.

"आई," ती म्हणाली, "बघ. मी बरी आहे."

आयव्हीनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. क्षणभर मला वाटलं, जमलं. मग आयव्हीची नजर कोटावर स्थिर झाली. ती उठली, जवळ गेली, आणि तिनं बाहीचं टोक दोन बोटांत धरलं. आतल्या शिवणीवरून तिचं बोट फिरलं.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली. "ही बाही मी शिवलीय. हा माझ्या मुलीचा कोट आहे." तिनं वर बघितलं. "तू कुठून घेतलास?"

"आई..."

"चोरलास ना? कौन्सिलला सांगते मी. गरिबाच्या घरात येता आणि कपाटं उघडता! काढ. काढ तो."

एव्हरिलनं कोट काढला. आयव्हीनं तो तिच्या हातातून ओढून घेतला, खुर्चीत बसली आणि मांडीवर घेऊन हातानं सुरकुत्या काढत राहिली. संध्याकाळभर. एव्हरिल वर गेली. मी पुडिंग कापलं, ते कोणीच खाल्लं नाही.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी खेळ पुन्हा सुरू होणार होता. मी चारलाच गेले. मी म्हटलं, "टीव्ही लावूच नको. बिघडलाय म्हणून सांग."

"आणि उद्या? परवा?" एव्हरिल म्हणाली. "नाही. लावते मी."

साडेचार वाजले. गाण्याची तीच धून, तेच घड्याळ, तेच टायवाले गृहस्थ. आणि फळ्यापाशी वीस-बावीस वर्षांची एक उंच मुलगी, कापलेले पिवळे केस, अंगात पिवळाच झगा. तिच्यात आणि एव्हरिलमध्ये काहीसुद्धा सारखं नव्हतं.

आयव्ही पुढे झुकली. एव्हरिलनं कोचाची कड घट्ट धरली होती. मी आयव्हीच्या चेहऱ्याकडे बघत होते, ती कधी रडेल याची वाट बघत.

"केस कापलेत हिनं," आयव्ही म्हणाली.

मी एव्हरिलकडे बघितलं.

"बरं दिसतंय. सुट्टी मानवली तिला." ती मागे टेकली. "बघ गं, हीच माझी मुलगी. काळजी करत होते मी. उगीच."

"हो," एव्हरिल म्हणाली. "छान दिसतेय."

आकडे आले. पंच्याहत्तर, पन्नास, नऊ, आठ, चार, दोन. गाठायचे सहाशे पंच्याऐंशी. घड्याळ सुरू झालं, आणि सवयीनं, काटा जरा सरकायच्या आत, एव्हरिलच्या तोंडून गेलं, "पंच्याहत्तर गुणिले नऊ, सहाशे पंच्याहत्तर. आठ आणि दोन मिळवा."

"श्श!" आयव्हीनं तिला दटावलं. "तिला करू दे की. तुला काय कळतंय त्यातलं?"

मुलीनं फळ्यावर नेमकं तेच लिहिलं. आयव्हीनं विजयानं आमच्याकडे बघितलं. जाहिराती लागल्या. ती उठली, किटली ठेवली, कप काढले. आम्हाला वाटून झाल्यावर तिनं उशीखाली ठेवलेला निळा कोट काढला आणि एव्हरिलच्या हातात दिला.

"हा तिला नेऊन दे. स्टुडिओत. तिथं थंडी असते म्हणतात. आणि कपाटाचं मी मनात ठेवलेलं नाही, समजलं का?"

एव्हरिलनं कोट घेतला.

त्यानंतर आयव्ही दोन हिवाळे जगली. एव्हरिल सकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायची, दुपारी आईशेजारी बसून त्या मुलीला बघायची. कौतुक अजूनही रोज व्हायचं. पण पूर्वी ते पडद्यावरून फिरून तिच्यापाशी यायचं, आता ते त्या पिवळ्या केसांपाशीच थांबायचं. बाजारात सुरुवातीला लोक विचारत, "का सोडलंत हो?" मग विचारेनासे झाले. मी एकदा म्हटलं, मी बसते तिच्यापाशी, तू त्या वेळी बाहेर फिरून येत जा. ती म्हणाली, "नको. साडेचारला तिला बोलायला कोणीतरी लागतं."

शेवटच्या फेब्रुवारीतली एक दुपार मला आठवते. बाहेर चिकचिक बर्फ पडत होतं. आयव्ही फार अशक्त झाली होती, किटली आता एव्हरिलच ठेवायची. जाहिराती लागल्या होत्या. आयव्ही तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बराच वेळ बघत होती.

"तुझी आई आहे का गं?" तिनं विचारलं.

एव्हरिल वळली नाही. "आहे."

"मग जात जा तिच्याकडे. असं चार-साडेचारच्या सुमाराला. माझी काही येत नाही. पण मला निदान दिसते तरी. तुझ्या आईला काय दिसणार?"

"जाते मी," एव्हरिल म्हणाली. "रोज जाते."

"चांगली आहेस," आयव्ही म्हणाली. मग तिनं पडद्याकडे मान वळवली. "चल, आण लवकर चहा. सुरू होईल तिचं."